मुलाची पायरी, मोठ्यांची सही

अमेरिकेतल्या स्काऊट हँडबुकमध्ये प्रत्येक अटीसाठी सहीची एक छोटी रिकामी जागा असते. मुलाने गाठ मारून दाखवली, होकायंत्र धरून वाट काढली, स्वतः उभारलेल्या तंबूत रात्र काढली, की तिथे कोणाची तरी आद्याक्षरं आणि तारीख पडते. अशा सह्या जमत जमत एकेक रँक पुरी होते. स्काऊट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार आणि लाइफ अशा सहा रँक चढून मूल सातव्या, ईगलच्या रँकला पोचतं. ट्रूपच्या, म्हणजे स्काऊटांच्या स्थानिक तुकडीच्या, कमिटीवर काम करत आणि रँक देण्याआधी मुलाशी बोलणाऱ्या मोठ्यांच्या मंडळावर, बोर्ड ऑफ रिव्ह्यूवर, बसत मी काही वर्षं काढली आहेत. या वर्षांत माझं लक्ष मुलांपेक्षा सह्या करणाऱ्या आम्हा मोठ्यांकडे जास्त वळत गेलं. आम्ही सगळे बिनपगारी. नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळ देणारे, शनिवार-रविवार मुलांबरोबर चिखलात काढणारे, ओले तंबू घरी आणून वाळवणारे. कोणाच्या हेतूवर बोट ठेवावं असं इथे काही नाही. तरीही मुलांच्या प्रगतीकडे पाहण्याची आमची नजर चुकते, आणि ती दोन उलट्या दिशांनी चुकते. काहींचा हात सहीला सुटत नाही, काहींचा फार सैल सुटतो. ट्रूपमध्ये हे दोन पक्ष एकमेकांना विरोधक मानतात. मला मात्र दोघांची चूक एकच वाटते. मुलाने चढलेली पायरी दोघंही आपल्या खात्यावर मांडतात.

इंग्रजीत या सगळ्याला ‘अ‍ॅडव्हान्समेंट’ म्हणतात. मराठीत त्याला बढती म्हणावं तर कचेरीचा वास येतो. बढती वरचा माणूस देतो, आणि द्यायची असते तशी अडवताही येते. भारत स्काऊट्स आणि गाईड्सने निवडलेला शब्द मला जास्त योग्य वाटतो. प्रवेशानंतर प्रथम सोपान, मग द्वितीय, मग तृतीय, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. महाराष्ट्रातल्या शाळेत गळ्यात स्कार्फ बांधून वाढलेल्या आणि आता न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आपल्या मुलांना ट्रूपच्या मीटिंगला सोडायला येणाऱ्या आईबापांना हे शब्द अजून आठवतात. सोपान म्हणजे जिना. बांधणारा कोणीही असो, चढायचं ते ज्याचं त्याने आपल्या पायांनी. अमेरिकेतल्या संस्थेने (१९१० साली बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका म्हणून सुरू झालेली, २०२५ पासून स्काऊटिंग अमेरिका, २०१९ पासून या रँक मुलींनाही खुल्या आहेत) या जिन्याची जागा नेमकी सांगून ठेवली आहे. चारित्र्य, नागरिकत्व, तंदुरुस्ती आणि नेतृत्व ही उद्दिष्टं. ती गाठायच्या आठ पद्धती, आणि त्या आठांतली एक पद्धत म्हणजे रँक. पॅट्रोलमध्ये, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या गटात, एकत्र राहणं, उघड्या आकाशाखाली जगणं, चांगल्या मोठ्या माणसांचा सहवास मिळणं या तिच्याच बरोबरीच्या. पण रँक मोजता येते आणि सहवास मोजता येत नाही. म्हणून वर्षअखेरीला मुलांनी किती रात्री रानात काढल्या याच्या आधी किती ईगल झाले याची चर्चा होते. साधनाचं उद्दिष्ट व्हायला एवढं पुरतं.

आधी हात आखडणाऱ्यांबद्दल. ही माणसं ट्रूपमधली सर्वांत कष्टाळू असतात, आणि त्यांच्या मनात एक जुनी, आदरणीय समजूत असते. आपल्याकडे ती टाकीच्या घावांच्या आणि देवपणाच्या म्हणीत बसली आहे. सोपं मिळालं ते टिकत नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. मग अटीत ‘गाठ मारून दाखव’ असं असेल तर ते डोळे मिटून मारायला सांगतात. ईगलच्या सेवाप्रकल्पाला किमान तासांची अट कुठेही नाही, तरी शंभर तास भरलेच पाहिजेत असा दंडक तोंडी चालू होतो. बारा वर्षांचा मुलगा सगळं करून आला की ‘अजून लहान आहे, थांबू दे’ असं ठरतं. बोर्ड ऑफ रिव्ह्यूवर टेबलावर दोर ठेवला जातो आणि दोन वर्षांपूर्वी सही झालेली बोलाइनची गाठ पुन्हा मारायला लावतात. संस्थेचा नियम याबाबत अगदी स्पष्ट आहे. कौन्सिल असो, ट्रूप असो की एकटा स्काऊटर, कोणालाही अटींमध्ये भर घालण्याचा किंवा त्यांतून काही वगळण्याचा अधिकार नाही. अटीत ‘चर्चा कर’ असेल तर चर्चा, ‘करून दाखव’ असेल तर करून दाखवणं. स्काऊटमास्टरशी व्हायची मुलाखत हीदेखील भाग घेण्याची अट आहे, पास-नापासची परीक्षा नव्हे. बोर्डावर किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा जण असतात. मुलाचा स्काऊटमास्टर आणि त्याचे आईवडील निर्णयात नसतात, आणि बोर्डाने पुन्हा परीक्षा घ्यायची नसते. भर घालायला आणि वगळायला एकाच वाक्यात मनाई केली आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. कडक माणसाला नियमभंग म्हणजे सूट देणं एवढंच दिसतं. आपणही तोच नियम दुसऱ्या टोकाने मोडतो आहोत, हे त्याच्या लक्षातही येत नाही, कारण भर घालताना त्याला आपण काहीतरी जपतो आहोत असं वाटत असतं.

नियमांतली एक तरतूद तर मी प्रत्येक नव्या पालकाला आवर्जून वाचायला सांगते. स्टार, लाइफ आणि ईगल या रँकसाठी मुलाने काही महिने ट्रूपमध्ये जबाबदारीचं एखादं पद सांभाळायचं असतं: पॅट्रोल लीडर, क्वार्टरमास्टर, लेखनिक असं काही. समजा त्याने पद घेतलं आणि काहीच केलं नाही, आणि मोठ्यांनी त्या काळात त्याला ना समजावलं ना पदावरून दूर केलं, तर मुदत संपल्यावर ‘तू काम केलं नाहीस’ म्हणून रँक अडवता येत नाही. तो काळ धरावाच लागतो. पहिल्यांदा वाचताना हे कोणालाही अन्यायाचं वाटेल, आळशी मुलाला बक्षीस दिल्यासारखं. पण थोडं थांबून पाहिलं तर यात जबाबदारी कोणावर टाकली आहे ते कळतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला क्वार्टरमास्टर म्हणजे काय हे जन्मतः माहीत नसतं. तंबूंची यादी कशी ठेवायची, परत आलेला स्टोव्ह कसा तपासायचा, हरवलेल्या खुंट्यांचा जाब कसा विचारायचा हे कोणीतरी शिकवायला हवं. ते न शिकवता सहा महिने गप्प राहणं आणि शेवटच्या दिवशी निकाल सुनावणं यात मुलाचं अपयश कमी आणि मोठ्याचं जास्त. नियम मोठ्याला म्हणतो, तुला बोलायचं होतं तर वेळेवर बोलायचं होतंस. जी सही अडवण्यात आम्हाला आमची कर्तव्यदक्षता दिसते ती पुष्कळदा आमच्याच न केलेल्या कामाची नोंद असते.

हात सैल सोडणाऱ्यांचं चित्र दुसरं आहे, आणि त्यात आम्हा मराठी आणि एकूणच भारतीय घरांचा वाटा मोठा आहे, हे मला सांगितलंच पाहिजे. आपण परीक्षांच्या देशातून आलो. क्लास लावणं, अभ्यासक्रम वेळेआधी संपवणं, प्रमाणपत्रं फाईलला लावणं हे आपल्या प्रेमाचंच एक रूप आहे. ईगल ही कॉलेजच्या अर्जात चांगली दिसणारी ओळ आहे असं एकदा घरात ठरलं की मग वेळापत्रक होतं, आणि त्या वेळापत्रकात चिखल, कंटाळा आणि चुकलेली वाट यांना जागा उरत नाही. एका शनिवारी वर्गात बसवून रँकसाठी लागणाऱ्या मेरिट बॅजचं बरंचसं काम उरकून देणारे कार्यक्रम असतात. मोठ्या उन्हाळी शिबिरांत एका शिक्षकासमोर पुष्कळ मुलं बसतात आणि शेवटी सगळ्यांच्या कार्डावर सही होते, ज्याने तोंड उघडलं नाही त्याच्याही. संस्था सांगते की सामुदायिक शिकवणीला हरकत नाही, पण अट प्रत्येक मुलाने स्वतः पुरी केली पाहिजे. प्रत्यक्षात ते पाहायला कोणाला वेळ नसतो. हा दबाव फक्त घरातूनच येतो असं नाही. अमेरिकेत ईगल झालेल्या मुलाला सैन्यात भरती होताना वरच्या वेतनश्रेणीत सुरुवात मिळू शकते. भारतात रेल्वे स्काऊट-गाईड कोट्यातून भरती करते, आणि महाराष्ट्रात स्काऊट-गाईडचं काम दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांशी जोडलेलं आहे. पायरीवर बाहेरचं बक्षीस ठेवलं की चढणाऱ्याला जिन्याची घाई होणार. त्यात मुलाला किंवा आईबापांना दोष देऊन उपयोग नाही. अडचण अशी की ती घाई थोपवायची ज्यांनी, ते स्काऊटरच ईगलचा आकडा ही आपल्या ट्रूपची पत मानू लागतात.

गंमत अशी की अटी लिहिणाऱ्यांना घाईची कल्पना आधीपासून होती. ईगलसाठी लागणाऱ्या २१ मेरिट बॅजच्या यादीत अशी कामं पेरून ठेवली आहेत जी पैशाने, हुशारीने किंवा आईच्या मदतीनेही लवकर संपत नाहीत. पैशाच्या नियोजनाच्या बॅजसाठी तेरा आठवडे आपल्या जमाखर्चाचा हिशोब ठेवावा लागतो. व्यायामाच्या बॅजला बारा आठवड्यांचा स्वतः आखलेला कार्यक्रम लागतो, कुटुंबाच्या बॅजला नव्वद दिवस घरातली ठरलेली कामं, आणि कॅम्पिंगच्या बॅजला तंबूत किंवा उघड्यावर काढलेल्या वीस रात्री. वीस रात्री म्हणजे ट्रूप महिन्याला एक शिबिर घेत असेल तरी जवळजवळ वर्ष. त्यांतल्या काही थंडीत, काही पावसात, एखादी अर्धवट शिजलेल्या भातावर. या अटींना धक्का लावला नाही तर त्या आपोआप मुलाला बाहेर आणि वेळेत बांधून ठेवतात. कडक माणसाने शंभर तासांची भर घालायची गरज नाही. सैल माणसाने फक्त बावीस दिवसांना नव्वद म्हणू नये.

या दोन्ही चुका एकाच वेळी आणि देशभर झाल्या की काय होतं याचा एक नमुना संस्थेच्या इतिहासातच आहे. १९७२ साली शहरी मुलांना स्काऊटिंग जवळचं वाटावं म्हणून अमेरिकेत नवा कार्यक्रम आणला गेला. हेतू चांगला होता. ईगलचे बॅज २१ वरून २४ झाले, म्हणजे पायऱ्या वाढवल्या. त्याच वेळी कॅम्पिंगचा बॅज सक्तीच्या यादीतून निघाला, म्हणजे जिना रानातून उचलून खोलीत आणला. भर आणि वजाबाकी दोन्ही एकदम. त्या दशकात सभासदसंख्या मोठ्या प्रमाणावर घसरली. घसरणीची कारणं अनेक होती, तो काळच तसा होता, आणि सगळं खापर या बदलावर फोडणं बरोबर होणार नाही. पण संस्थेने जे पाऊल मागे घेतलं ते बोलकं आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्काऊटांच्या पिढ्या घडवलेले विल्यम हिलकोर्ट निवृत्त झाले होते. त्यांनी पुन्हा लेखणी हातात घेतली, १९७९ साली नवं हँडबुक आलं, आणि रान, तंबू, शेकोटी पुन्हा मध्यभागी आली. बॅजही पुढे २१ वर आले. बॅजची संख्या वाढवून दर्जा वाढत नाही, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर अनुभवलेली दुसरी चळवळ मला माहीत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमी तेरा वर्षांच्या ईगलवर येतो. फर्स्ट क्लासनंतर स्टारला किमान चार महिने, मग लाइफला सहा, मग ईगलला सहा. एकूण सोळा महिने. अकराव्या वर्षी आलेलं चटपटीत मूल तेराव्या वर्षी शिखरावर असू शकतं. ‘त्याला नेतृत्वाचं काय कळतं?’ असं विचारलं जातं. प्रश्न खोटा नाही. मलाही सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने चार धाकट्यांना सांभाळून केलेला प्रकल्प जास्त समृद्ध वाटतो. पण वयाची अट एकाच बाजूला लिहिली आहे: अठरावा वाढदिवस ही शेवटची हद्द. खालची हद्द लिहिलेली नाही, आणि जी लिहिलेली नाही ती मी माझ्या अंदाजाने लावली तर पुढच्या वर्षी माझ्या जागी बसणारा दुसरी लावेल. मुलाला मग अट नव्हे तर माणूस ओळखावा लागेल. शिवाय ‘थांब’ असं सांगितलेलं मूल त्या रिकाम्या वर्षात मोठं होतंच असं नाही. पुष्कळदा ते फुटबॉलकडे किंवा रोबोटिक्सकडे जातं. ज्याला लवकर ईगल मिळाली आणि ट्रूपमध्ये करायला मोठं काम उरलं, उन्हाळ्यात लांबची पदयात्रा आखायची, नव्या पॅट्रोलला शिकवायचं, ते राहतं. तेरा वर्षांचा ईगल ट्रूप सोडून जात असेल तर त्याला फार लवकर रँक दिली का, यापेक्षा त्याच्यासाठी पुढे काय ठेवलं होतं, हे आधी तपासावं.

दुसरा आक्षेप स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या नावाने येतो, आणि तो जास्त विचार करण्यासारखा आहे. स्काऊटमास्टरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात बेडन-पॉवेल यांनी बॅजचा दर्जा ठरावीक गुणवत्तेवर न ठेवता त्या मुलाने घेतलेल्या कष्टांवर ठेवावा असं मांडलं होतं. गरीब, अडखळणाऱ्या मुलाला उमेद मिळावी म्हणून. मग लिहिलेल्या शब्दाला शब्द लावणारी अमेरिकन पद्धत त्यांच्या विरोधात नाही का जात? एका अर्थाने जाते. पण कष्ट मोजायला मुलाला फार जवळून ओळखावं लागतं, आणि ती मोजणी दोन्ही पक्ष आपापल्या बाजूला ओढतात. सैल माणूस म्हणतो, ‘बिचाऱ्याने प्रयत्न तरी केला.’ कडक माणूस हुशार मुलाला म्हणतो, ‘तुला याहून जास्त जमतं, पुन्हा कर.’ दोघंही बेडन-पॉवेलचं नाव घेऊ शकतात. लिहिलेली अट निष्ठुर वाटली तरी ती मुलाला मोठ्यांच्या लहरीपासून वाचवते. आणि कष्टांची दखल घ्यायला ट्रूपमध्ये दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत, शेकोटीभोवती केलेलं कौतुक त्यांतली एक. ज्या मुलांना शरीराच्या किंवा आकलनाच्या अडचणी आहेत त्यांच्यासाठी पर्यायी अटींची लेखी वाट नियमांतच आहे. ती वापरायची, डोळेझाक करायची नाही.

तिसरा आक्षेप साधा आणि सगळ्यांत खरा: मुलं विसरतात. सही झाली, आणि सहा महिन्यांनी शीट बेंडची गाठ आठवत नाही. मग पुन्हा परीक्षा का घ्यायची नाही? यावर सुरुवातीच्या स्काऊटिंगनेच उत्तर दिलं होतं. १९०८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये फर्स्ट क्लास होण्यासाठी पोहणं, लांबचा प्रवास, बचत यांच्या जोडीला एक अट होती: स्वतः तयार केलेला एक टेंडरफूट घेऊन यायचा. आजही अमेरिकेत लाइफच्या रँकसाठी दुसऱ्या स्काऊटला एखादं कौशल्य शिकवावं लागतं: समजावून, करून दाखवून, हात धरून, मग त्याच्यावर सोडून. विसरलेली गाठ बोर्डासमोर घाम फोडून परत येत नाही. धाकट्या मुलाला तंबूच्या दोरावर शिकवताना ती बोटांत परत येते. म्हणून माझं मत असं की खालच्या रँकच्या जास्तीत जास्त सह्या स्काऊटमास्टरने नेमून दिलेल्या मोठ्या मुलांनी कराव्यात. मुलं एकमेकांना आमच्यापेक्षा काटेकोरपणे तपासतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. गाठ सुटली तर त्याच रात्री त्यांच्याच डोक्यावर ताडपत्री पडणार असते.

राहता राहिली ती एक अट जिथे मोठ्यांच्या मतालाच काम आहे: मूल रोजच्या आयुष्यात स्काऊटचं वचन आणि नियम पाळतं का. इथे लेखी मोजमाप चालत नाही, आणि इथे सही रोखण्याची वेळ कधीतरी येतेही. धाकट्यांवर दादागिरी करणाऱ्याला मी हसून पुढची पायरी देणार नाही. पण ही गोष्ट त्याला बोर्डाच्या खोलीत पहिल्यांदा कळली तर चूक आमची. ती आठ महिने आधी, एकांतात, त्याच्या बाजूने बोलत सांगायला हवी होती, आणि मग त्याला सावरायला ते आठ महिने द्यायला हवे होते. अवघड संभाषण पुढे ढकलून त्याची वसुली सहीच्या वेळी करायची, हा आम्हा स्वयंसेवकांचा सर्वांत मोठा दोष आहे असं मला वाटतं. पगार नाही, वेळ तुटपुंजा, कोणाच्या मुलाला काय बोलायचं याचा संकोच. कारणं सगळी समजतात. तरी त्याची किंमत मूल भरतं.

बोर्ड ऑफ रिव्ह्यूचं एक काम फारसं कोणी करत नाही. मुलाचा प्रवास पाहताना ट्रूप त्याला काय देतो आहे हेही बोर्डाने तपासायचं असतं. म्हणून अलीकडे मी बोर्डावर असले की मुलाच्या अटींचं पान पाहून झाल्यावर वही उघडते आणि विचारते: कोणतं शिबिर कंटाळवाणं झालं, कोणती गोष्ट शिकायची राहिली, कोणत्या सहीसाठी उगाच थांबावं लागलं, कोणती सही काही न करता मिळाली. शेवटच्या प्रश्नाला मुलं आधी एकमेकांकडे पाहावं तसं आमच्याकडे पाहतात, मग खरं सांगतात. ती उत्तरं नाव न घालता कमिटीच्या पुढच्या बैठकीत वाचली जातात, आणि वर्षाचं वेळापत्रक त्यांच्यावरून आखायला बसायचं असतं: स्वयंपाकाची अट सगळ्यांची राहिली असेल तर मार्चच्या शिबिरात गॅसऐवजी लाकडाची चूल, पोहण्याची राहिली असेल तर जूनमध्ये तळं.